थकलेलं लोखंड, आपली अमानत
26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 विमानांना निरोप देण्यात आला. 1963 पासूनची सेवा. त्यातली कित्येक आपल्या नाशिकजवळ ओझरला बनलेली. प्रत्येक उड्डाणात धातूवर ताण येतो, वारंवारच्या ताणाने केसाएवढी चीर पडू शकते, ती वाढत जाते. म्हणून हवाई दलात विमानाच्या उड्डाणांचे तास मोजतात, भाग बदलतात.

देहूजवळच्या कुंडमळ्याच्या जुन्या लोखंडी पुलाचा असा हिशेब कोण ठेवत होतं? धोक्याचा फलक होता, तरी माणसं आणि दुचाकी जातच होत्या. 15 जून 2025 च्या रविवारी गर्दीच्या भाराने तो इंद्रायणीत कोसळला. चौघांचा जीव गेला.

जीव ही अल्लाहची अमानत आहे. फलक लावून जबाबदारी संपत नाही. धोकादायक पूल बंदच करावा लागतो. पावसाळ्याआधी आपल्या गावच्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं का, हे ग्रामपंचायतीला लेखी विचारा.