आवाज गेला, धूर राहिला

१८ मे २०१९ च्या शनिवारी संध्याकाळी लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकात नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती आणि त्या गर्दीतल्या अनेकांना कुठेच जायचे नव्हते. ‘इंटरसिटी १२५’ किंवा नुसतीच ‘एचएसटी’ म्हणून ओळखली जाणारी डिझेल गाडी आपल्या पूर्ण लांबीच्या रूपात तिथून शेवटची सुटणार होती. मोबाइल उंच धरून लोक इंजिनाचा आवाज टिपत होते. ज्या वासाला एरवी नाक मुरडायचे, तोच वास त्या दिवशी छाती भरून घेतला जात होता.

ही गाडी ऑक्टोबर १९७६ मध्ये याच स्थानकातून ब्रिस्टॉल आणि साउथ वेल्सकडे धावू लागली. दोन टोकांना प्रत्येकी २,२५० अश्वशक्तीचे इंजिन, केनेथ ग्रेंज यांनी घडवलेले निमुळते नाक आणि ताशी १२५ मैलांचा, म्हणजे सुमारे २०० किलोमीटरचा वेग. खरे तर ती तात्पुरती सोय होती. वळणावर झुकून धावणारी ‘एपीटी’ ही प्रगत गाडी तयार होईपर्यंत वेळ मारून न्यायची, एवढाच हेतू. एपीटी कधी नीट रुळलीच नाही आणि तात्पुरती गाडी ४३ वर्षे धावली.

डिझेलसाठी डोळे ओले होणे हा प्रकार मात्र नवा आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून कोळशाचे इंजिन निवृत्त झाले, तेव्हा रेल्वेप्रेमींच्या लेखी डिझेल हा खलनायक होता. जीव नसलेला, सगळा एकसारखा दिसणारा डबा! पुढे त्याच ‘निर्जीव’ इंजिनांतल्या डेल्टिक आणि वेस्टर्न या जातींना निरोप देतानाही फलाट भरले. वेस्टर्नची जागा घ्यायला आलेली एचएसटी तेव्हा अर्थातच परकी होती. म्हणजे रडू धुरासाठी किंवा वाफेसाठी येत नाही. गाडी बदलते, रडणारी पिढी बदलते. रडण्याचे वय साधारण तेच राहते.

या वयाचे कोडे मानसशास्त्राला बरेचसे उलगडले आहे. प्रौढ माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळाच्या मानाने जास्त निघतात. १९७६ मध्ये दहा वर्षांचा असलेला, फलाटाच्या टोकाला उभा राहून वहीत इंजिनांचे नंबर उतरवणारा मुलगा २०१९ मध्ये ५३ वर्षांचा होता. त्यात भर वासाची. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूतल्या थॅलॅमस या थांब्यावरून पुढे जाते. वासाचा संदेश हा थांबा टाळून भावना आणि स्मृती हाताळणाऱ्या अमिग्डाला व हिप्पोकॅम्पस या भागांशी जवळजवळ थेट जोडला जातो. त्यामुळे डिझेलचा एक झोत किंवा ब्रेक लागल्यावर एचएसटीच्या डब्यात शिरणारा तो जळका वास चाळीस वर्षांपूर्वीची सुट्टी क्षणात समोर उभी करतो.

या हुरहुरीला १६८८ मध्ये जोहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बाझेल इथे ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. मायदेशापासून दूर असलेल्या स्विस माणसांना जडणारा तो आजारच, अशी त्याची समजूत होती. आज चित्र उलटे आहे. इंग्लंडच्याच साउथॅम्प्टन विद्यापीठातले टिम विल्डशुट आणि कॉन्स्टँटिन सेडिकिडीस यांनी २००६ पासून प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसले की, एकटेपणा किंवा उदासी आली की माणूस स्मरणरंजनाकडे वळतो आणि त्यातून त्याला आपण कुणाचे तरी आहोत, ही जाणीव परत मिळते. पॅडिंग्टनच्या फलाटावर जमलेले लोक आजारी नव्हते. उलट ते स्वतःवर एक बरा उपचारच करत होते.

पण आठवण सगळेच जपत नाही. एचएसटीच्या डब्यांतली शौचालये थेट रुळांवर रिकामी होत आणि त्या रुळांवर दुरुस्तीची माणसे काम करत. दार उघडायचे तर खिडकी खाली ओढून, हात बाहेर काढून बाहेरची कडी फिरवावी लागे. डिसेंबर २०१८ मध्ये बाथजवळ अशाच खिडकीतून डोके बाहेर काढलेल्या एका प्रवाशाचा फांदी लागून मृत्यू झाला. निरोपाच्या गर्दीत ‘खिडकीतून बाहेर वाकण्याची मजा’ आठवणाऱ्यांना ही घटना जेमतेम साडेपाच महिन्यांपूर्वीची होती.

आणि धूर. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये काढला आणि त्याला तंबाखूच्या धुराच्याच गटात बसवले. गट एक असला, म्हणून धोका तेवढाच असे नव्हे. पुरावा तेवढाच पक्का, इतकाच त्याचा अर्थ. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केंब्रिजच्या संशोधकांनी याच पॅडिंग्टन स्थानकातली हवा मोजली. त्या वेळी तिथल्या ७० टक्के गाड्या डिझेलवर चालत होत्या. नायट्रोजन डायऑक्साइडची तासाची सरासरी ७३ पीपीबी निघाली. बाहेरच्या हवेसाठी युरोपीय संघाने घातलेली तासाची मर्यादा १०६ पीपीबी. ती पाच वेळा ओलांडली गेली. दीड किलोमीटरवरच्या, वाहनांनी गजबजलेल्या मेरिलबोन रस्त्यापेक्षा स्थानकातली हवा जास्त दूषित होती. यात कोणताही नियम मोडला गेला नव्हता, कारण बाहेरच्या हवेचे मापदंड स्थानकांना लागूच नव्हते. रस्त्यावर जी हवा बेकायदा ठरेल, ती छताखाली कायदेशीर!

हा वायू श्वसनमार्गाला सूज आणतो, दमा चाळवतो. सोबतची बारीक काजळी फुफ्फुसात खोल उतरते आणि तिचा भार हृदयावरही पडतो. दहा मिनिटे फोटो काढून घरी जाणाऱ्याचे यात फारसे बिघडत नाही. प्रश्न आहे तो आठ-आठ तास फलाटावर काढणाऱ्यांचा: तिकीट तपासणारे, सफाई करणारे, चहाच्या टपरीवरचे. त्यांच्या नाकाला वासाची काही वेळातच सवय होते. फुफ्फुसाला तशी सवय होत नाही.

मग विजेच्या गाड्या आल्या आणि प्रश्न मिटला, असे म्हणता आले असते. पण मिटलेला नाही, आणि याची चर्चा त्या निरोप समारंभांत फारशी झाली नाही. ग्रेट वेस्टर्न मार्गाच्या विद्युतीकरणाचा अंदाज २०१३ मध्ये ८७.४ कोटी पौंड होता; २०१५ पर्यंत तो २८० कोटींवर गेला. पैसा संपला तशी कात्री लागली. नोव्हेंबर २०१६ मध्ये ऑक्सफर्ड, तसेच बाथमार्गे ब्रिस्टॉल हे तुकडे लांबणीवर पडले. जुलै २०१७ मध्ये कार्डिफ ते स्वान्सी हा टप्पा रद्दच झाला. दरम्यान गोरिंगच्या खोऱ्यात तारांच्या उंच पोलादी कमानींनी देखावा बिघडतो, म्हणून रहिवाशांनी आंदोलन केले. जुन्या रूपाची ओढ इथे इंजिनापुरती राहिली नाही.

तारा अर्ध्यावर थांबल्या, म्हणून गाडीच अर्धी-अर्धी केली गेली. ऑक्टोबर २०१७ पासून धावणाऱ्या नव्या ‘बाय-मोड’ गाड्या तारा असतील तिथे विजेवर आणि नसतील तिथे डिझेलवर चालतात. पाच डब्यांच्या गाडीत तीन डिझेल इंजिने, आणि तीही टोकाला नव्हे तर प्रवाशांच्या पायाखाली. लंडनहून निघालेली गाडी चिपनमपर्यंत शांत असते. तिथून पुढे पायाखालची जमीन गुरगुरू लागते आणि बाथ, ब्रिस्टॉल डिझेलवर होतात. लंडनमध्ये मुख्यालय असलेल्या जीआयपी रेल्वेने मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सोडली, ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. ब्रिस्टॉलच्या टेंपल मीड्स या मुख्य स्थानकाची वाट अजून संपलेली नाही.

विजेमुळे पॅडिंग्टनच्या छताखालची बहुतेक इंजिने थंडावली, हा मोठा फायदा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. पण धुराने मुक्काम हलवला आहे. ब्रिटनच्या रेल्वे सुरक्षा व मानक मंडळासाठी झालेल्या आणि २०२१ मध्ये समोर आलेल्या मोजमापांत उत्तर इंग्लंडमधल्या काही बाय-मोड गाड्यांच्या डब्यांतच नायट्रोजन डायऑक्साइडची पातळी लंडनच्या वर्दळीच्या रस्त्यापेक्षा कितीतरी पट आढळली. बाहेरची ताजी हवा आत खेचणारी यंत्रणा धूरही खेचते, एवढे साधे ते कारण. बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्थानकात तर फलाट काँक्रीटच्या खाली आहेत. तिथे वर तारा आहेत आणि त्या तारांखालून निव्वळ डिझेलवर चालणाऱ्या गाड्या रोज जातात.

तारांना मतदार कमी असतात आणि आठवणींना भरपूर, हे राजकारण्यांना नेमके कळते. फेब्रुवारी २०१८ मध्ये रेल्वे राज्यमंत्री जो जॉन्सन यांनी २०४० पर्यंत निव्वळ डिझेल गाड्या हटवण्याचे आवाहन केले. त्यातला ‘निव्वळ’ हा शब्द पुरेसा सोयीचा आहे: पायाखाली तीन इंजिने असलेली बाय-मोड गाडी त्यात मोडत नाही. ब्रिटनमधल्या रेल्वेमार्गांपैकी आजही ४० टक्क्यांहून कमी मार्गांवर तारा आहेत.

एचएसटीच्या चाहत्यांना जी किंकाळी आठवते, ती पॅक्समन कंपनीच्या मूळ व्हॅलेंटा इंजिनाची. ती इंजिने बदलून जर्मन बनावटीची बसवण्याचे काम २०१० पर्यंत उरकले होते. म्हणजे निरोपाच्या त्या संध्याकाळी पॅडिंग्टनमध्ये लोक जो आवाज टिपत होते, तो त्यांच्या लहानपणीचा नव्हताच.