मापाची टेप आणि संगणक

एका सूज्ञ पालकांनी नुकताच आम्हांस प्रश्न केला की, इमारतींच्या प्रतिकृती आता संगणकावर तयार होत असता मुलांनी टेप व पेन्सिल घेऊन भिंती मोजण्यात वेळ का दवडावा? प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचा विचार येथे करितो.

संगणकातील प्रतिकृती म्हणजे केवळ चित्र नव्हे. तीत प्रत्येक खांब, तुळई व नळ आपापल्या मापांनिशी नोंदलेला असतो. एखादा नळ तुळईच्या आड येत असेल, तर गवंड्याने थापी उचलण्यापूर्वीच ती चूक पडद्यावर दिसते. किती पैसा व श्रम वाचतात, हे घर बांधलेल्या गृहस्थांस सांगावयास नकोच!

तथापि ही मापे येतात कोठून? पॅरिस येथील नोत्र दाम या प्राचीन मंदिराचेच उदाहरण घ्या. सन २०१० मध्ये अँड्र्यू टॅलन या प्राध्यापकांनी लेसर यंत्र ठिकठिकाणी मांडून त्या वास्तूचे अब्जावधी बिंदू टिपले. तेव्हा असे आढळले की, पश्चिमेकडील आतले खांब मुळी एका रेषेत नाहीत. घरी बसून रेखीव प्रतिकृती रचणाऱ्याने ते खचित सरळ काढले असते! पुढे २०१४ मध्ये रेमी फ्रोमाँ व सेद्रिक त्राँतसो या वास्तुशिल्पज्ञांनी छपराच्या लाकडी सांगाड्याची बारकाईने मोजणी केली. १५ एप्रिल २०१९ रोजी तो सांगाडा आगीत भस्म झाला. टॅलन त्यापूर्वीच, २०१८ मध्ये, निवर्तले होते; पण मोजणी मागे उरली होती. तिच्या आधारे संगणकीय प्रतिकृती सिद्ध झाली, सुतारांनी कुऱ्हाडीने ओकच्या तुळया तासल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मंदिराची द्वारे पुनश्च उघडली.

आग लागल्यावर मोजावयास गेले असते, तर राख मोजावी लागली असती. संगणक दिलेले माप विसरत नाही, हे खरे; परंतु चुकीचे मापही तो तितक्याच इमानाने जपून ठेवितो.

गतवर्षी आमच्या नववीच्या मुलांनी शाळेचा व्हरांडा मोजला. दोन टोकांच्या रुंदीत दोन इंचांचा फरक निघाला. एका हुशार मुलाने नकाशा सुबक दिसावा म्हणून दोन्ही टोके सारखीच काढून आणिली. त्यास आम्ही टेप देऊन पुन्हा व्हरांड्यात धाडिले.