दोन तास, पण कुठून कुठे?

मंडळी, आज थोडा तक्रारीचा सूर आहे. सांभाळून घ्या.

मागच्या हिवाळ्यात थोरल्या बंधूंचं दिल्लीत ऑपरेशन ठरलं. पुतण्याचा फोन आला, "काका, ओझर ते दिल्ली विमानाने दोन तास. सकाळी निघा, ऑपरेशनच्या आधी भेटाल."

आकडा खोटा नव्हता. पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलं (भूगोल शिकवण्याची खोड, जात नाही) तर ओझर ते दिल्ली साधारण 1000 किलोमीटर भरतं. जेट विमानाला तेवढ्याला दोन तास पुरतात. पण मी काही ओझरच्या धावपट्टीवर राहत नाही, आणि दादा दिल्लीच्या धावपट्टीवर झोपलेले नव्हते.

नामपूरहून सकाळी साडेसातला गाडी केली. सटाणा, देवळा, भावडबारीचा घाट, मग आग्रा रोड. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. त्यात कांद्याचे ट्रॅक्टर पुढे लागले की ड्रायव्हर तरी काय करणार? दहाव्या मैलावरून जानोरीकडे वळून टर्मिनलला पोचायला दहा वाजले. मग तपासणी आणि बसणं. विमान बाराला उडालं, दोनला उतरलं. इथवर पुतण्याचे दोन तास अगदी बरोबर! त्यापुढे बॅग, टॅक्सीची रांग आणि दिल्लीची रहदारी. हॉस्पिटलच्या दारात पोचलो तेव्हा चार वाजले होते. साडेआठ तासांत हवेत फक्त दोन. दादांना अडीचलाच आत नेलं होतं.

माझं म्हणणं एवढंच, की प्रवासाचा वेळ उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत सांगावा. विमानतळ ते विमानतळ हा हिशेब वैमानिकाच्या कामाचा. मुंबईचंच बघा ना. ओझर ते मुंबई हवाई अंतर 160 किलोमीटरच्या आत. 2017 च्या डिसेंबरात उडान योजनेत त्या मार्गावर छोटं विमान सुरू झालं, तेव्हा आमच्या कट्ट्यावर केवढा आनंद! पण आधी ओझरला जा, तासभर आधी हजर व्हा, तिकडे उतरून पुन्हा रहदारीत अडका. तेवढ्यात पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडहून साडेतीन-चार तासांत थेट मुंबईच्या पोटात नेऊन सोडते.

विमानांना माझा विरोध नाही. 1964 साली ओझरला मिगचा कारखाना निघाला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. त्याच धावपट्टीवरून आपण कधी उडू असं स्वप्नातही नव्हतं. पण नवीन विमान सुरू करताना सटाणा-मालेगावहून त्याच्या वेळेला जोडून एखादी एसटी सोडली, तर आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचे जास्त तास वाचतील. आभाळातली दहा मिनिटं कमी करून आम्हाला काय मिळणार?

असो. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी दादा नीट शुद्धीवर आले, माझ्याकडे बघत म्हणाले, "दोन तासांत येतोस असं हा म्हणाला होता. मी डॉक्टरांना दोनदा थांबवलं रे."

पुतण्या खिडकीबाहेर बघत होता.