श्रद्धेची सूट की भेदभावाचा परवाना?



रेल्वेच्या तिकीट खिडकीवर किंवा पोस्टाच्या काउंटरवर ज्याने एक दिवस जरी ड्यूटी केली आहे, त्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. रांगेतला माणूस पुढे आला, त्याने अर्ज व पैसे आत सरकवले, की त्याचे काम करून द्यायचे. तो कोणत्या देवाला हात जोडतो आणि कोणाबरोबर संसार करतो, याची चौकशी आपण करत नाही. आतल्या माणसाची श्रद्धा त्याची स्वतःची असते, पण खिडकी जनतेची असते.

हा साधा नियम मोडायचा डाव आज जगात धर्माच्या नावाने खेळला जात आहे. समलिंगी जोडप्यांना नोकरीत, दुकानात, हॉटेलात आणि सरकारी कचेरीत इतरांसारखी वागणूक मिळावी म्हणून अमेरिकेतील अनेक राज्यांनी व ब्रिटनने कायदे केले. हे कायदे रद्द करून घेणे जमले नाही, तेव्हा दुसरी मागणी पुढे आली. ‘कायदा राहू द्या, पण आमच्या धर्मात हे बसत नाही, तेव्हा आम्हाला तो लागू करू नका.’ ऐकायला ही मागणी किती नम्र वाटते! पण ती मान्य झाली की काय होते ते पाहा.

२०१२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात दोन पुरुष आपल्या लग्नाच्या समारंभासाठी केक सांगायला एका बेकरीत गेले. मालकाने धर्माचे कारण देऊन नकार दिला. राज्याच्या नागरी हक्क आयोगाने मालकाला दोषी ठरवले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो निर्णय रद्द केला. आयोगाने मालकाच्या धर्माबद्दल आकस दाखवला एवढेच कारण त्यासाठी दिले, मूळ प्रश्न तसाच ठेवला. २०२३ साली त्याच राज्यातील एका वेबसाइट बनवणाऱ्या व्यावसायिकेला न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी समलिंगी विवाहांच्या वेबसाइट नाकारण्याची मुभा दिली. निकालाचा आधार भाषणस्वातंत्र्याचा होता, पण नकाराचे मूळ धर्मश्रद्धेतच होते. या बाईंनी तोवर लग्नाची एकही वेबसाइट बनवली नव्हती. नाकारायला गिऱ्हाईकही आले नव्हते. तक्रारीआधीच सूट मिळाली!

कोणी म्हणेल, केक आणि वेबसाइटवरून एवढा गहजब कशाला? ते दुसऱ्या दुकानात जातील. साथींनो, ‘दुसऱ्या दुकानात जा’ हे वाक्य महाराष्ट्राने फार ऐकले आहे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी रूढीचा हवाला देऊन कोर्टात धाव घेतली. तळे नगरपालिकेचे होते आणि नगरपालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठराव आधीच झाला होता. तरी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. अमेरिकेतही वर्णभेदाचे समर्थन धर्मानेच झाले. दक्षिण कॅरोलिनातील एका उपाहारगृहाच्या मालकाने काळ्या गिऱ्हाइकांना बसू न देणे हा आपला धर्म असल्याचे सांगितले. १९६८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव थिल्लर ठरवून उडवून लावला. तेव्हा जो बचाव हास्यास्पद होता, तो आज समलिंगी माणसासमोर आदरणीय कसा झाला?

आता खास आपल्या कामाचा मुद्दा. ही सूट सर्वात जास्त कोणाच्या उपयोगी पडते? मालकाच्या. शिकागो व आसपासच्या कॅथलिक शाळांतील शिक्षकांनी युनियनसाठी मतदान केले आणि शाळांनी युनियनशी बोलणी करायला नकार दिला. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की, चर्चच्या शाळांवर कामगार संबंध मंडळाचा अधिकार चालत नाही. म्हणजे धर्माच्या सुटीचे दार युनियनच्या तोंडावर तेव्हाच लावले गेले होते. २०१४ साली हॉबी लॉबी या दुकानांच्या साखळीच्या मालकांनी कामगार स्त्रियांच्या विम्यातून काही गर्भनिरोधके वगळण्याची सूट मिळवली. श्रद्धा मालकाची, विमा मात्र कामगाराचा! २०२० साली कॅलिफोर्नियातील कॅथलिक शाळांच्या दोन शिक्षिकांचे दावे न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी बंद केले. एकीचे म्हणणे होते की वयामुळे काढले, दुसरीचे की कॅन्सरमुळे काढले. यात समलिंगी संबंधांचा विषयच नव्हता. शिक्षिका धर्मकार्यच करतात, म्हणून कोर्टाने आत पाहायचे नाही, असे ठरले. जी सूट ‘त्या मूठभर लोकांपुरती’ म्हणून मागितली जाते, ती कामगाराच्या म्हातारपणापर्यंत आणि आजारपणापर्यंत अशी पोहोचते.

ठेकेदारीचेही पाहा. फिलाडेल्फिया शहराने निराधार मुलांसाठी पालक-कुटुंबे निवडण्याचे काम कंत्राटाने संस्थांना दिले होते. त्यातील एका कॅथलिक संस्थेने समलिंगी जोडप्यांची तपासणी करायला नकार दिला. शहराने कंत्राट थांबवले, पण २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संस्थेची बाजू घेतली. कारण काय? खुद्द कंत्राटातच अधिकाऱ्याला अपवाद करण्याची मोकळीक होती. खासगीकरणाविरुद्ध लढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. सरकारी सेवा ठेक्यावर गेली की जनतेचा पैसा जातो आणि जनतेचा समान हक्क कंत्राटातल्या एका कलमावर लटकतो.

यावर प्रामाणिक शंका येईल की, कामगारालाही धर्म आहे, मग त्याच्या सदसद्विवेकाचे काय? ही शंका टाळून चालणार नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एका ग्रामीण टपाल कर्मचाऱ्याने रविवारी ॲमेझॉनची पार्सले वाटायला धर्मामुळे नकार दिला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, अशी सोय नाकारायची असेल तर तिचा मोठा बोजा पडतो हे मालकाने दाखवले पाहिजे. सहकाऱ्यांवर जादा ड्यूटी लादली जाणार नाही, याची काळजी युनियनने घेतलीच पाहिजे. पण त्या साथीची मागणी सुट्टीच्या वाराची होती. अमक्याच्या दारी पार्सल देणार नाही, असे तो म्हणाला नव्हता. रोस्टरमध्ये सोय करता येते. गिऱ्हाइकांची प्रतवारी करता येत नाही.

लंडनच्या इस्लिंग्टन भागात विवाह-नोंदणीचे काम करणाऱ्या एका बाईंनी समलिंगी जोडप्यांची नोंदणी करायला नकार दिला. सुरुवातीला त्या सहकाऱ्यांशी ड्यूटीची अदलाबदल करत. अखेर तक्रार केली ती त्याच कचेरीतल्या दोन समलिंगी कर्मचाऱ्यांनी. शेजारच्या टेबलावरची सहकारी आपल्यासारख्यांचे काम करायला तयार नाही, हे त्यांनी रोज किती दिवस सोसायचे? प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले आणि २०१३ साली बाई हरल्या. अमेरिकेत केंटकी राज्यातील रोवन कौंटीच्या निवडून आलेल्या क्लार्क किम डेव्हिस यांनी २०१५ साली विवाह-परवाने देणेच बंद केले. कोर्टाचा हुकूम न मानल्याने त्या ५ दिवस तुरुंगात होत्या, आणि त्या आत असताना त्यांच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांनी परवाने दिले. खिडकी चालू ठेवली ती साध्या कारकुनांनी.

धर्माचे स्वातंत्र्य आम्हाला मान्य आहे. पुरोहिताने, पाद्रीने, मौलवीने कोणाचे लग्न लावावे हा त्याचा प्रश्न. ब्रिटनच्या २०१३ च्या कायद्यातही धर्मसंस्थांवर तशी सक्ती नाही. देवळाच्या, चर्चच्या, मशिदीच्या पूजाविधीत कायद्याने शिरू नये. पण दुकान, कारखाना, कचेरी आणि कंत्राट ही पूजास्थाने नव्हेत.

आपल्या देशात काय स्थिती आहे? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग काढून टाकला. २०२३ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि प्रश्न कायदेमंडळाकडे सोपवला. त्यामुळे आपल्यातल्या एखाद्या समलिंगी साथीच्या जोडीदाराला ना रेल्वेचा पास, ना कौटुंबिक पेन्शन. खासगी मालकाने अशा कामगाराला केवळ त्या कारणाने काढले तर अडवणारा स्वतंत्र कायदाही नाही. तो आज ना उद्या करावाच लागेल, आणि त्या दिवशी ‘धर्माला अपवाद’ मागणारे रांगेत सर्वात पुढे असतील.

त्यांना उत्तर राज्यघटनेतच आहे. कलम १५ दुकाने, हॉटेले, विहिरी व तळी यांच्या वापरात भेदभावाला मनाई करते. कलम २५ धर्मस्वातंत्र्य देते, पण मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदींच्या अधीन राहूनच देते.

तेव्हा युनियनच्या शाखांनी आतापासून तीन गोष्टींवर ठराव करावेत. पास, क्वार्टर व पेन्शनसाठीच्या ‘कुटुंब’ या व्याख्येत समलिंगी जोडीदार यावा. नोकरी व सेवेतील भेदभावाविरुद्ध कायदा व्हावा आणि त्यात मालकाला, ठेकेदाराला वा काउंटरला धर्माच्या नावाने सूट नसावी. आणि आपल्या शाखेत, आपल्या रनिंग रूममध्ये, आपल्या सॉर्टिंग हॉलमध्ये अशा साथीची टिंगल झाली तर पदाधिकाऱ्याने ती तिथल्या तिथे थांबवावी. यातला शेवटचा ठराव अंमलात आणायला कोणत्याही सरकारची वाट पाहावी लागत नाही.