‘दोर नको’ ही खरंच मजुराची मर्जी आहे का?

बुलढाणा जिल्ह्यात चिंच आणि आंब्याचा बहार विकत घेऊन माल उतरवणाऱ्यांत आपले बागवान भाऊही आहेत. झाडावर चढतो तो मात्र रोजंदारीवरचा मजूर. कमरेला दोर नाही, डोक्यावर हेल्मेट नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “त्यालाच नको असतो, अडचण होते म्हणतो.”

या मर्जीकडे जरा नीट पाहू या. मजुरी उतरवलेल्या मालावर ठरली असेल, तर दोर बांधण्यात गेलेला वेळ मजुराच्याच खिशातून जातो. मग तो ‘नको’ म्हणणारच. ही मर्जी नाही, मजबुरी आहे.

आणि पडल्यावर काय? 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली सुरक्षिततेची संहिता मुख्यतः दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. चार जणांची टोळी तिच्यात बसत नाही. भरपाईच्या कायद्यात तर एक अट आहे. सुरक्षेचा स्पष्ट हुकूम मजुराने जाणूनबुजून मोडला, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून इतर दुखापतीत मालक भरपाईतून सुटू शकतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत उंचावरून पडून मृत्यू झाल्यास 2 लाख मिळतात, पण ते खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एकाला. भूमिहीन मजूर बाहेरच.

केरळात नारळ विकास मंडळाने 2011 मध्ये तरुणांना यंत्राने माडावर चढायचं प्रशिक्षण सुरू केलं, सोबत विम्याची सोयही केली. म्हणजे हे होऊ शकतं.

कोणत्या फांदीवर पाय द्यायचा, हे चढणाऱ्यालाच कळतं. आज चढायचं की नाही, हेही त्यानेच ठरवावं. तिथे त्याची मर्जी चाललीच पाहिजे. पण दोर, हेल्मेट देणं आणि ते वापरायला वेळ देणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. जानची हिफाजत हा शरीयतच्या मूळ मकसदांपैकी एक आहे, आणि तवक्कुल आधी ऊंट बांधून मगच करायचा असतो.

म्हणून बहाराचा सौदा करतानाच दोर-हेल्मेटचा खर्च धरा. चढणाऱ्याला मालावर नाही, दिवसावर मजुरी द्या. ओल्या फांदीवर, विजेच्या तारेजवळ कुणालाही चढवू नका. आणि बँकेत खातं असलेल्या 18 ते 70 वयाच्या प्रत्येक मजुराचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून द्या. वर्षाला 20 रुपये लागतात, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण मिळतं. एवढे पैसे तर आपण चहावर घालवतो.