पाठ दुखावली, पाय सांभाळा



पोते उचलताना, उसाची मोळी डोक्यावर घेताना पाठीत उसण भरते. मग एस.टी.ने कोल्हापूर गाठून राजारामपुरीच्या गल्लीत डॉक्टर शोधायचा. गोळ्यांनी कळ थांबते. पण महिनाभर अंथरूण धरले की मांड्या वाळतात आणि उठताना पायच साथ देत नाहीत. म्हणून डॉक्टरांची मनाई नसेल तर एक-दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नका. घरातल्या घरात चाला.

उताणे निजून पावले वर-खाली हलवा. गुडघ्याखाली टॉवेलची घडी ठेवून ती दाबा, पाच अंक मोजा, सैल सोडा. मग एक गुडघा दुमडून दुसरा पाय सरळ वीतभर उचला. प्रत्येक प्रकार १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. हे सोसले की उंच खुर्चीवरून हातांच्या आधाराने सावकाश उठा-बसा. कळ वाढली तर थांबा.

शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली, खासबाग मैदान उभे राहिले. अशा पैलवानांच्या मुलखात बैठकांची हौस मोठी. पण दुखऱ्या पाठीने बैठका नकोत. त्या पुढे, डॉक्टरांना विचारूनच.

झाडावरून किंवा बैलगाडीतून पडला असाल, तर तपासणीआधी कोणताही व्यायाम करू नका. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी तुंबली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

आणि घरच्या मंडळींनो, “पडून राहा” म्हणण्यापेक्षा हात द्या, अंगणापर्यंत चालवा. खरी माया तीच.