ग्राफिक्स कार्ड : आधी मोजा, मग घ्या



वार्षिक परीक्षा संपल्या, की अनेक घरांतून एक मागणी हमखास पुढे येते : "संगणकाला ग्राफिक्स कार्ड हवे." मग अंधेरी-बोरिवलीची मुले पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतरतात, मुलुंड-घाटकोपरची दादरला गाडी बदलून तेथेच येतात, आणि लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे आताच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरच्या, दुकानांतून पहिला प्रश्न विचारला जातो : "किती जीबीचे आहे?" माझे स्पष्ट मत असे, की हा पहिला प्रश्न असूच नये. चुकीच्या प्रश्नाची किंमत आईवडिलांच्या खिशातून जाते, म्हणून त्याचा थोडा विचार करू.

कार्डाचे काम काय? तुमच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतील, तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके झाले. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. त्यासाठी कार्डाच्या स्मृतीतून माहितीची सारखी ने-आण चालते. तेव्हा टाकी केवढी आहे एवढेच पाहून भागत नाही. नळाची धार किती, हेही पाहावे लागते. जीबी हे टाकीचे माप आहे. धारेचे माप काढण्याची रीत सोपी आहे : स्मृतीमार्गाची रुंदी बिटमध्ये घ्या, तिला प्रत्येक वाटेवरून सेकंदाला जाणाऱ्या गिगाबिटनी गुणा आणि ८ ने भागा.

आता उदाहरण पाहा. एनव्हिडिया कंपनीचे जीटी १०३० हे स्वस्त कार्ड २०१७ साली आले. त्याची स्मृती जीडीडीआर-५ जातीची होती. ६४ × ६ ÷ ८ = ४८, म्हणजे धार सेकंदाला ४८ जीबी. २०१८ साली त्याच नावाचे कार्ड डीडीआर-४ स्मृती लावून आले. ६४ × २.१ ÷ ८ = १६.८. नाव तेच, 'जीबी'ही तेच, दोन्हींत २. पण धार जवळजवळ एकतृतीयांश! ज्याने फक्त जीबी विचारले, त्याला हा फरक कळणार कसा?

आणखी एक हिशेब करा. ज्या संगणकात वेगळे कार्ड नसते, तेथे प्रोसेसरमधलाच चित्रविभाग मुख्य रॅम वापरतो. डीडीआर-४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते. योग्य खाचेत तशीच दुसरी पट्टी बसवली, की ५१.२. यातला वाटा प्रोसेसरलाही द्यावा लागतो हे खरे. तरीही अगदी स्वस्तातल्या कार्डाच्या मागे धावण्याआधी रिकाम्या खाचेकडे पाहणे शहाणपणाचे, असे मला वाटते. रॅमची पट्टी अभ्यासाच्या कामालाही येते.

ज्यांच्याकडे कार्ड आहे व ते बदलायचे आहे, त्यांनी घरीच एक प्रयोग करावा. खेळातील व्ही-सिंक बंद करा आणि सेकंदाला किती चित्रे मिळतात ते लिहून ठेवा. मग चित्राचा आकार १२८० × ७२० करा. आता ठिपके निम्म्याहून कमी झाले. चित्रांची संख्या बरीच वाढली, तर अडचण कार्डात आहे. ती जेमतेम तेवढीच राहिली, तर अडचण बहुधा प्रोसेसरात आहे. नवे कार्ड घेऊन पैसे वाया जातील.

विजेचा हिशेबही विसरू नका. मदरबोर्डाची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते. २०१९ चे जीटीएक्स १६५० साधारण तेवढ्यात भागवते. २०२१ चे एएमडी आरएक्स ६६०० मात्र १३२ वॅट घेते. त्याला एसएमपीएसमधून वेगळी तार लागते. १३२ ला १२ व्होल्टने भागा : ११ अँपिअर! जुन्या, हलक्या एसएमपीएसवर एवढा भार टाकू नये. शिवाय ही वीज शेवटी उष्णताच होते. खोली २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेली, तर पंख्याचा वेग व भार तोच असता कार्डही साधारण १० अंशांनी अधिक तापते. मुंबईच्या मे महिन्यात, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या धुळकट पेटीत काय होत असेल, याची कल्पना करा.

वापरलेले कार्ड स्वस्त मिळते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची कार्डांवर चालणारी 'खाणकामे' बंद झाली आणि तशी पुष्कळ कार्डे जुन्या बाजारात आली. ती सगळीच टाकाऊ नसतात. पण अर्धा तास पूर्ण भारावर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

काही वडीलधारे म्हणतील, "खेळासाठी एवढा खटाटोप कशाला?" खेळ किती वेळ खेळावा, हे ज्या त्या घराने ठरवावे. पण घरातले काही हजार रुपये खर्च होणार असतील, तर ते जाहिरातीच्या आकड्यावर न होता स्वतः केलेल्या मोजमापावर व्हावेत, एवढाच माझा आग्रह आहे. शिक्षकांनाही विनंती, की शक्ती, विद्युत्प्रवाह आणि उष्णता शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलेही कान टवकारतील!

तेव्हा मित्रहो, ग्रँट रोडचे तिकीट काढण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्या. धार, वॅट आणि प्रयोगाचा निष्कर्ष, हे तीन आकडे लिहा. ते आईवडिलांना समजावून सांगता आले, तरच मागणी पुढे करा. ते पटवून देता आले नाही, तर तूर्त आहे तेच कार्ड पुरेसे आहे, असे समजा.